झेनॉन शनिवारी पडला नाही

लुब्लिन, दि. ६ सप्टेंबर २००४

चि. किंगा हिस आशीर्वाद.

काल वॉर्सॉच्या जुन्या शहरात तू पर्यटकांना जे सांगितलेस, ते चूक आहे. किल्ल्यासमोरच्या चौकापासून टोपी खाली ओढून मी तुझ्या घोळक्यामागे चालत होतो. पिव्ना रस्त्यावरील घरे तीनशे वर्षांची नाहीत. युद्धाने केलेल्या ढिगाऱ्यावर ती आम्ही गवंड्यांनी पुन्हा उभी केली. तेवढे मी सोडून दिले असते. परंतु बाजारचौकातील पिवळ्या घरापाशी थांबून तू म्हणालीस की, छप्पर चढल्यावर गवंडी त्यावर हिरव्या डहाळ्यांचा तुरा बांधतात आणि पितात. त्या दिवशी तुझे आजोबा, म्हणजे माझा थोरला भाऊ झेनॉन, इतके प्याले की परांचीवरून थेट चौकात उतरले, हेही तूच सांगितलेस. लोक हसले. तूही हसलीस. सख्ख्या नातीने हे करावे, याची मला चीड आली आहे. पर्यटकांसाठी तू छापणार आहेस त्या पुस्तिकेतून हा मजकूर त्वरित काढावा.

रागावलेला, तरी तुझाच,
बोगुमिल

वॉर्सॉ, ९ सप्टेंबर २००४

ती. बोगुमिल आजोबांस, शि. सा. न. वि. वि.

टोपीआड लपण्यापेक्षा पुढे यायचं होतं. मीच तुम्हाला प्रेक्षणीय म्हणून दाखवलं असतं.

किस्सा माझा नाही, आजोबा. थडग्यावर तारीख तुऱ्याच्या शनिवारचीच आहे. शिवाय अभिलेखागारातून मी चौकशीचा कागद काढलाय. मृत प्यायलेला होता, असं त्यात लिहिलंय आणि खाली सही तुमची. एकोणिसाव्या वर्षीही अक्षर काय सुबक होतं तुमचं. बाबा दोन वर्षांचे असताना पोरके झाले. बापासारखं होऊ नये म्हणून ते जन्मभर दारूला शिवले नाहीत. हे खोटं असेल, तर त्यांना कधी सांगणार होतात? मी हसते, कारण त्या घरापाशी मला दिवसातून दोनदा थांबावं लागतं.

पुस्तिका वीस तारखेला छापायला जाईल. तोवर माया आटू देऊ नका, पण उत्तर द्या.

तुमची किंगा

लुब्लिन, दि. १३ सप्टेंबर २००४

चि. किंगा हिस आशीर्वाद.

सही माझीच आहे.

बावीस जुलैला चौकाचे उद्घाटन ठरले होते. तुऱ्यानंतरच्या सोमवारी परांचीच्या फळ्या पावसाने निसरड्या झाल्या होत्या, तरी मुकादमाने गिलाव्यासाठी वर चढण्यास फर्मावले. झेनॉन मला म्हणाला की, बोगुश, तुझ्या बुटांना तळ उरलेला नाही, तू खालीच थांब. तो एकटा चढला.

खरा वार नोंदला असता, तर मुकादम अडकला असता. तुऱ्याच्या दिवशी गवंडी का पडतो, हे मात्र कोणी विचारत नाही. एक भाऊ गेला, दुसऱ्याचे काम तरी टिकू दे, असे मुकादम म्हणाला. एक्कावन्न वर्षे मी खोट्या तारखेपुढे मेणबत्ती लावत आलो आणि तुझ्या वडिलांशी हवापाण्याच्या गोष्टी करून परतलो. रविवारचा राग तुझ्या वाट्याचा नव्हता.

हे पत्र त्यांना वाचून दाखव. नंतर त्यांनी मला दारात उभे केले नाही, तरी तक्रार नाही. पुस्तिकेत पुढीलप्रमाणे छापावे:

२० जून १९५३, शनिवार : तुरा बांधला. झेनॉन एक पेला पिऊन घरी गेला.

२१ जून, रविवार : मुलाला खांद्यावर घेऊन नदीकाठी फिरला.

२२ जून, सोमवार : पाऊस. सकाळी सात वाजता झेनॉन पडला. तो प्यायलेला नव्हता.

२३ जून, मंगळवार : त्याचा धाकटा भाऊ बोगुमिल याने खोट्या कागदावर सही केली.