खालचा आवाज

बाबा, माझ्या जावयाला जुनी डिझेल पिकअप घ्यायची आहे. गेले पंधरा दिवस घरात दुसरा विषय नाही. काजूचा धंदा वाढला, आता भाड्याच्या गाडीवर भागत नाही म्हणतो. जेवताना मोबाइल समोर धरून तो एकेका कंपनीचे गुण वाचत बसतो. ही ओझ्याला बरी, ही डिझेल कमी खाते, हिचे पार्ट कुठेही मिळतात. मग मुलगी म्हणते, आईला विचारा, आजोबा फिटर होते, आईला इंजिनातलं कळतं. ती लहान असताना मीच कधीतरी कौतुकाने सांगितलं असणार, आणि अर्धंच सांगितलं असणार. गेल्या रविवारी जावई म्हणाला, डिचोलीला दोन गाड्या बघायच्या आहेत, चला सोबत, ऐकून तरी बघा. मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. तुमच्याशी बोलायचं राहिलेलं बोलून झाल्याशिवाय मला कुठल्याही गाडीजवळ उभं राहता येणार नाही, असं वाटलं. आज दुपारी घरात कुणी नाही, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही सावंतवाडीकडून डिचोलीला खाणीवर आलात ते लग्नाआधी. आपलं घर पेडण्यात, तुमचं वर्कशॉप डिचोलीत. सोमवारी पहाटे जायचात, शनिवारी यायचात. कपडे कितीही धुतले तरी त्यांच्यातून तांबडं पाणी निघायचं. खनिजाच्या ट्रकांची इंजिनं दिवसभर तुमच्या डोक्याशी घरघरायची. शनिवारी घरी आल्यावर तुम्ही आमच्याशीही ओरडूनच बोलायचात आणि आई म्हणायची, हळू बोला हो, आम्ही काही ट्रक नव्हे. तेव्हा मला वाटायचं, तुमचा आवाजच तसा आहे.

मी दहावीत होते ते वर्ष गोव्यात भाषेच्या भांडणाचं. भिंती रंगलेल्या, कधी रस्त्यावर झाडं आडवी पडलेली, कधी शाळा बंद. डिचोलीच्या बाजारात तुम्हाला काही लोकांनी अडवून विचारलं होतं, तू मराठीवाला की कोकणीवाला? तुम्ही नुसतं हसलात. त्यांनी ते आपल्या बाजूचं धरलं आणि सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाजूच्यांनी अडवलं, तेव्हाही तुम्ही तसंच हसलात. आई ही गोष्ट शेजाऱ्यांना हसत सांगायची, आमचे हे मोठे हुशार. त्यांनी काय विचारलं ते तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं, हे फक्त मला माहीत होतं.

कारण तुम्ही मलाच सांगितलं होतं. त्या सुमारास तुम्ही खाणीतली नोकरी सोडायचं ठरवलंत. कारण कुणालाच कळलं नाही; आईला वाटलं, स्वतःचा धंदा करायची हौस आहे. कंपनीतून जे काही मिळालं त्यात एक जुनी डिझेल गाडी घ्यायची आणि तुये गावच्या कारखान्यातले खोके फोंड्याला पोचवायचे, असं तुमचं ठरलं होतं. एका रविवारी सकाळी आई चुलीवर पेज ढवळत होती. तुम्ही तांदळाचं भरलेलं पीप आणि एक रिकामा डबा पुढे ओढलात आणि मला पाठमोरं बसवलंत. डब्यावर चमच्याने टकटक केलीत. शिवणयंत्रासारखा हलका आवाज. हा वरचा, व्हॉल्व्हचा. मग बोटाचं पेर पिपावर मारलंत. जड, बसका, आत गाडल्यासारखा. हा खालचा, बेअरिंगचा. "वरचो आवाज चालात," तुम्ही म्हणालात, "खालचो चालाचो नाय." आईला तो खेळ वाटला. ती पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा तुम्ही माझ्या जवळ तोंड आणून, तुमच्या मते हळू, म्हणालात, "माका आता बारीक आयकाक येणा नाय. आता तूच माझो कान. आवशीक सांगू नको."

मला किती मोठं झाल्यासारखं वाटलं होतं ते आज शब्दांत सांगता येणार नाही. घरात माझ्याकडे तुमचं, आईलाही ठाऊक नसलेलं, एक गुपित होतं.

पहिली गाडी आपण डिचोलीतच बघितली, जीपच्या नाकाची. तुम्ही बसमध्येच समजावलं होतंत की ही कंपनी जुनी, इंजिन मंद पण हट्टी, गावातला लोहारसुद्धा तिला उभी करतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवायची, हे तुम्ही मला शिकवलं होतंत. मी ऐकलं आणि सांगितलं, वरचा आवाज आहे, खालचा नाही. तुमचा चेहरा फुलला. पण चॅसिस दोन ठिकाणी जोडलेली होती, खाणीच्या ओझ्याने मोडलेली, म्हणून ती सोडली. दुसरी साखळी गावात. चपट्या तोंडाची, पुण्याकडच्या कारखान्यातली. तिच्यातही मी जे होतं ते सांगितलं. इंजिन बरं होतं, पण मालकाला दोन महिने थांबायचं होतं. परतताना तुम्ही बसमध्ये शेजारच्या माणसाला, ओळख ना पाळख, सांगितलंत, माझ्या मुलीचा कान म्हणजे मेकॅनिकचा कान. सगळी बस वळून बघायला लागली. तुम्हाला वाटत होतं तुम्ही हळूच बोलताय.

तिसरी फोंड्याची. जपानी बनावटीच्या इंजिनाची, तेव्हा नवीनच आलेली, दिसायला शहरातल्या पाहुण्यासारखी. तुमचं मन तिच्यावर होतं आणि धाकही होता. इंजिन गोड, पण मोडलं तर पार्ट बेळगावहून आणावे लागणार, असं म्हणत होतात. गॅरेज हमरस्त्यावर होतं. समोर चहाचं दुकान, तिथे पाच-सहा माणसं उभी. तुम्ही बॉनेटवर हात ठेवलात आणि माझ्याकडे बघितलंत. गाडी आधीच तापवून ठेवलेली होती, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना कसं वाजतं ते मालकाला दाखवायचं नव्हतं. आता सगळं माझ्यावर. मी शाळेच्या निळ्या स्कर्टवर, बॉनेटमध्ये वाकलेली, कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावलेला. तुम्ही मालकाला खूण केलीत. त्याने ॲक्सिलरेटर दाबला, सोडला. मागून एक जण म्हणाला, "दोतोरीण आयल्या रे, नाडी पळोवपाक." डॉक्टरीण म्हणे. बाकीचे हसले. मग दुसरा माझ्या वाकण्यावरून काहीतरी बोलला, ते मी लिहिणार नाही. हसणं वाढलं.

मी मान वळवून तुमच्याकडे बघितलं, बाबा. आणि तुम्ही हसत होतात. त्यांच्याकडे बघून, त्यांच्याबरोबर, मान हलवत. ऐकू न आलेल्या प्रत्येक गोष्टीला तुम्ही हसायचात तसेच. मला ते माहीत होतं. तरी त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसलं की माझे वडील त्या माणसांबरोबर हसताहेत.

ॲक्सिलरेटर पुन्हा सुटला आणि मला आवाज ऐकू आला. खालचा. बसका, जड, पिपावर पेर मारल्यासारखा. तीनदा, मग थांबून दोनदा. संशयाला जागाच नव्हती. तुम्ही जवळ आलात, वाकलात, माझ्या तोंडाकडे बघत विचारलंत, "सांग बाय." मला तिथून निघायचं होतं. खालचा आवाज आहे म्हटलं असतं तर तुम्ही पुन्हा ऐक म्हणाला असतात, गाडी पुन्हा चालू करायला लावली असतीत, मला पुन्हा वाकावं लागलं असतं. मी म्हटलं, "काय नाय बाबा. बरो आवाज असा."

गाडी चार महिने चालली. ते चार महिने तुम्ही घरात शीळ घालायचात, स्वतःला ऐकू न येणारी, बेसूर. मी रोज सकाळी ती सुरू होताना न्हाणीघरात पाणी सोडून बसायचे. मग एक दिवस कोलवाळच्या पुलाला पोचायच्या आधीच, धारगळच्या चढावर, खोके भरलेले असताना, इंजिन आतून फुटलं. कनेक्टिंग रॉड बाजू फोडून बाहेर आला होता. दोरीने ओढून आणलेली गाडी तुम्ही अंगणातल्या फणसाखाली लावलीत आणि दुसऱ्या दिवशी स्वतः खोलायला घेतलीत. मी चहा घेऊन आले तेव्हा बेअरिंगचे तुकडे तुमच्या तळहातावर होते. झिजून तांबं उघडं पडलेलं. तुम्ही ते उलटसुलट करून बघितले आणि म्हणालात, "ह्या आत्ताचा न्हय. ह्या आधीचाच." मग वर बघून विचारलंत, "त्या दिसा तुका आयकाक येवक नाय?"

मी मान हलवली. नाय बाबा.

तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही हात पुसले, स्वयंपाकघरात गेलात आणि आईला ते सांगितलंत जे इतके दिवस लपवलं होतंत, की मला ऐकू येत नाही, म्हणून नोकरी सोडली. आई कपाळाला हात लावून बसली. आणि पुढे तुम्ही म्हणालात, "बायचे कान दाखवूक होये. माझ्यासारख्या तिचा जावक नको." मी दाराआड उभी होते. त्या दिवशी आपल्याकडे गाडी नव्हती, नोकरी नव्हती, आणि तुम्हाला काळजी लागली होती ती माझ्या कानांची.

म्हापशाच्या डॉक्टरकडे जाताना बसमध्ये मी ठरवलं होतं, बहिरी असल्याचं सोंग घ्यायचं. तेवढं एक खोटं आणखी बोलले असते तर सगळं जुळलं असतं. डॉक्टर माझ्या मागे जाऊन उभे राहिले आणि कुजबुजले, आंबो. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, आंबो. ते आणखी दूर गेले. नुस्तें. मासे म्हणजे. मी म्हटलं, नुस्तें. दाराशी जाऊन इतक्या हळू बोलले की पंख्याचा आवाज त्याहून मोठा होता, तरी मी म्हटलं, पाव. डॉक्टर कौतुकाने हसले. तुम्हाला त्यांनी ओरडून सांगितलं, बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं: "तुमच्या मुलीचे कान उत्तम आहेत, अगदी तिखट. तुम्ही स्वतःचे तपासून घ्या." तुम्ही त्यांना नमस्कार केलात.

बसस्टँडवर पोदेराकडून, पाववाल्याकडून, तुम्ही कडक कांकणं, बांगडीसारखे गोल पाव, घेतलेत, मला आवडतात म्हणून, आणि कागदाची पुडी माझ्या मांडीवर ठेवलीत. बस सुटली. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. माझ्याकडे न बघताच म्हणालात, "बरा झाला. कान बरे असत तुझे, ह्या बरा झाला." एवढंच. पुढे एक शब्द नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. ते वाक्य मी किती तऱ्हांनी ऐकून बघितलं आहे. कधी त्यात बापाचा सुटकेचा श्वास ऐकू येतो, कधी माफी, आणि बहुतेक वेळा ऐकू येतं की आता तुम्हाला सगळं कळलं आहे. बारीकातला बारीक फरक ओळखणारा माझा कान, पण त्या एका वाक्याचा आवाज वरचा की खालचा, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

गोवा राज्य झालं तेव्हा ती गाडी फणसाखालीच होती. लोकांनी फटाके वाजवले. तुम्ही पडवीत बसून धूर बघत होतात. मग तुम्ही पुन्हा डिचोलीला गेलात, एका कंत्राटदाराकडे, यावेळी फिटर म्हणून नव्हे, लोखंड उचलायला. मी दहावीनंतर तुयेच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. कोल्हापूरकडच्या बाया शेजारी बसायच्या, गप्पा मारायच्या, आणि मी खोके चिकटवत तीस वर्षं काढली. कुणी मला शिक्षा दिली नव्हती. मीच जाऊन बसले होते.

शेवटी तुम्हाला काहीच ऐकू येईना. आम्ही वहीत लिहून दाखवायचो आणि तुम्ही मोठ्याने उत्तर द्यायचात. जेवण झालं? औषध घ्या. बाहेर मामा आलेत. नऊ वर्षं रोज माझ्या हातात ती वही होती आणि पेन्सिलही होती. एक ओळ लिहायची होती: त्या दिवशी खालचा आवाज मला ऐकू आला होता. तुम्ही गेल्यावर मी सगळ्या वह्या चाळल्या. पानंच्या पानं माझं अक्षर, आणि त्यात तुम्हाला सांगण्यासारखं काहीही नाही.

आज ती ओळ लिहिली. मला वाटलं होतं, लिहिल्यावर हलकं वाटेल. नाही वाटत. जावई सांगत होता, हल्ली गाडीला एक यंत्र जोडतात, ते सगळे बिघाड पडद्यावर दाखवतं, कुणाच्या कानाची गरज नाही. मी म्हटलं, चांगलं.

आणि एक गोष्ट, जी लिहायला बसले तेव्हा मनात नव्हती. मी माफी मागायला बसले होते आणि इतके कागद भरले तरी तो शब्द माझ्या हातून उतरला नाही. पंधरा वर्षांच्या मुलीवर तुम्ही सगळं घर टाकायला नको होतं. निदान आईला सांगायला हवं होतं. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नाही आणि सगळे म्हणाले, मुलगी धीराची आहे. धीर नव्हता तो, बाबा. राग होता. अजूनही आहे. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, एवढ्याच भरवशावर लिहिता आलं.