एका पुस्तकात किती जणी?

३ जून

ती. मामा,
सा. न. वि. वि.

माझं पुस्तक अडलंय! प्रकाशकबाई म्हणतात, चाळीस कविता चाळीस जणींनी लिहिल्यासारख्या वाटतात. एक ओवी, एक फटकळ मुक्तछंद, एक तर चक्क रक्ततपासणीचा अहवाल. आता प्रयोगशाळेत दिवसभर नळ्या हलवणारी बाई दुसरं काय लिहिणार? पण शैली एक हवी, नाहीतर पुस्तक नाही. म्हणून पंधरा दिवस खपून सगळ्यांना एकाच चालीत बसवलं. जुनं-नवं दोन्ही बाडं पाठवतेय. तुम्ही जन्मभर छापखान्यात खिळे जुळवलेत. वाचा आणि खुशाल कान उपटा.

मामीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची भिंगरी

१२ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

नवं बाड तुझ्या मामीला वाचून दाखवलं. तिचं शिवणयंत्र खडखड चालूच राहिलं, मध्ये तीन जांभया. मग जुनं काढलं. ओवीला तिने डोळे पुसले, अहवालाला इतकी हसली की गिऱ्हाइकाच्या झग्याची बाही गळ्याला शिवली! अगं, एका मापाचे कपडे इस्पितळात घालतात. तुला न विचारता जुनंच बाड प्रकाशकबाईंना धाडलंय. पाकीट मामीने बंद केलं. रागवायचं तर माझ्यावर रागव, पण रागावूनही पत्र लिही.

तुझा आगाऊ मामा

२ जुलै

ती. मामीस सा. न.

मामांवर दोन दिवस धुमसत होते. आज प्रकाशकबाईंचा फोन आला: पुस्तक घेतलं, जसंच्या तसं! म्हणाल्या, शेवटची ‘उसवण’ वाचली आणि सगळ्या कविता एकाच बाईच्या आहेत हे पटलं. तोच माझा खरा आवाज, असंही म्हणाल्या. मामी, ‘उसवण’ मी लिहिलेली नाही! मला साधं बटण लावता येत नाही. पाकीट बंद करताना तू काय सरकवलंस? मी त्यांना लगेच खरं सांगितलं. त्या खो खो हसल्या आणि विचारलं, त्या बाईंकडे आणखी आहेत का? ‘उसवण’ तुझ्याच नावाने छापायची, कबूल?

उत्तराला उशीर केलास तर थेट येऊन बसेन.
तुझीच भिंगरी

९ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

चूक झाली खरी, पण हाताला राहवेना. नाव घाल. आणखी सत्तर आहेत, मापांच्या वह्यांच्या मागच्या पानांवर. हे कळल्यापासून तुझ्या मामांना चहाचीही शुद्ध नाही. एकेक वाचतात, चष्मा काढतात आणि माझ्याकडे असे बघतात, जणू आजच आमचं लग्न ठरलंय.

तुझी मामी