आठ इंची पंखा, चार इंची पाइप

टोकावडे,
सोमवार, सकाळ

ती. कमळूदादांना देवरामचा नमस्कार.

तुमचा गुडघा, धोंडीताईंची साखर आणि मुरबाडची धूळ, तिन्ही आटोक्यात असतील असे धरून चालतो. इकडे मी बरा आहे, म्हणजे भात करपतो पण खातो. आजकाल साडूला कोणी पत्र लिहीत नाही हे मला कळते. पण फोन केला की तो ताई उचलतात, मागून सकूचा खोकला ऐकू येतो, आणि विचारायचे ते राहून मी तुमच्याकडे पाणी किती वाजता येते ते विचारून फोन ठेवतो. म्हणून हे पत्र जीपवाल्या शेखरच्या हाती देतो आहे. एकट्याने वाचा.

सकू मला सोडून बहिणीकडे, म्हणजे तुमच्याकडे, येऊन आज बारा दिवस झाले. खोकला जाईपर्यंत अळंबीच्या खोलीत पाऊल टाकायचे नाही असे डॉक्टरांनी तिला बजावले, ते ठीक. पण काल शेखर सांगत होता की ती तुमची मागची खोली टेपने मोजत होती आणि अळंबीच्या पिशव्या आता तिथेच टांगणार म्हणते. दादा, ती खोली तिला देऊ नका. ओल आहे असे सांगू नका (अळंबीला ओलच लागते, ती खूश होईल), उंदीर आहेत म्हणून सांगा. पिशव्या तिकडे गेल्या की तीही तिकडेच राहील, आणि या घरात मी आणि पंखा दोघेच उरू.

आता झाले कसे ते लिहितो, कारण तिने तिची बाजू सांगितली असेलच. (माझी बाजू वेगळी नाही, फक्त लांब आहे.) बैल विकल्यापासून गोठा रिकामा होता. सकूने प्रशिक्षण घेतले, पेंढ्याच्या पिशव्या भरून तिथे टांगल्या आणि अळंबी माळशेज रस्त्यावरच्या ढाब्यांना देऊ लागली. प्रशिक्षणातली स्नेहल नावाची मुलगी एकदा बघायला आली. ती म्हणाली, अळंबीतून बारीक भुकटी उडते, ती छातीत जाते, शिवाय हवा खेळली नाही तर अळंबीही नीट फुलत नाही. तेव्हा पंखा आठ इंची घ्या, पाइपही आठ इंचीच घ्या, तो शक्यतो सरळ न्या आणि समोरच्या भिंतीत हवा आत यायला जाळी ठेवा. एवढे सोपे होते. पण मला भातसानगरहून निवृत्त होऊन सहा महिने झाले होते. एकतीस वर्षे धरणाचे व्हॉल्व्ह फिरवलेला माणूस घरात बसलेला असताना त्याला कोणी काहीच विचारत नाही, याचा मला आतून राग होता. मग मी न विचारताच सांगितले.

नळीच्या तोंडावर बोट ठेवले की पाण्याची धार लांब जाते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून बोअरवेलचा उरलेला चार इंची पाइप काढला, तेलाचा डबा कापून नरसाळे केले आणि पंखा पाइपला जोडला. पंखा असा गरजला की एसटीच्या थांब्यावरची माणसे बघायला आली. मला अभिमान वाटला. त्याच भरात मी जाळी आणि गोठ्याची एकूण एक फट सिमेंटने बुजवली. (आमच्या खात्यात गळती म्हणजे मेमो, दादा. हात आपोआप चालतो.) पाइपचे तोंड शेजारच्या बाईजाच्या सुकटीच्या वाळवणाकडे आले म्हणून ती भांडायला आली, तेव्हा पाच कोपरे बसवून पाइप गोठ्याला वळसा घालून मागे नेला. त्या पाइपातून काही बाहेर येतच नव्हते, हे तिच्याही लक्षात आले नाही आणि माझ्याही.

पुढे अळंबीचे देठ शेवग्याच्या शेंगांसारखे लांबले आणि वर टोप्या शर्टाच्या बटणाएवढ्या. ढाबेवाल्याने माल परत पाठवला. मी म्हणालो, जात नवीन आहे. सकू खोकू लागली. मी म्हणालो, पेंढ्याची धूळ आहे. मग मी कल्याणहून बारा इंची पंखा आणला आणि त्याच चार इंची पाइपवर बसवला. दुसऱ्याच दिवशी, सकू आत पिशव्यांना पाणी मारत असताना, नरसाळे फटकन सुटले आणि अडलेली सगळी भुकटी खोलीत उसळली. ती पांढरी होऊन बाहेर आली आणि ओट्यावर बसली, तेव्हा बराच वेळ तिला श्वासच घेता येईना. मला फार भीती वाटली. श्वास आल्यावर तिने एवढेच म्हटले, "तुमी धरणातून आलात, पण धरण काय तुमच्यातून जात नाय." आणि शेखरच्या जीपमध्ये बसली.

ती गेल्यावर मी नरसाळे परत घट्ट बसवले, पंखा चालू केला आणि पाइपच्या बाहेरच्या तोंडाशी उदबत्ती धरली. धूर देवासमोर जातो तसा सरळ वर गेला. स्नेहलला फोन केला तर ती म्हणाली, आठाचे चार केले की वाट निम्मी नाही, पाव होते; वर पाच कोपरे; आणि काका, हवा आत येणार कुठून? धरणात पाण्याच्या मागे अख्खे धरण उभे असते. गोठ्यातल्या हवेच्या मागे कोणीच नव्हते, आणि मी तिचा दरवाजाही बुजवला होता.

तर विनंती अशी की कारखान्यातून आणलेला तुमचा तो आठ इंची पत्र्याचा पाइप पाठवा. आणि सकूला सांगा की चूक पंखेवाल्या दुकानदाराची होती.

आपला,
देवराम

ता. क. शेखर दोन दिवस फिरकला नाही. पाइप पाठवू नका, इथेच मिळाला. जुना आठ इंची पंखा परत चढवला, पाइप सरळ काढला, जाळी फोडून मोकळी केली. बाईजाला सुकट दुसरीकडे वाळवायला हात जोडून सांगितले. उदबत्तीचा धूर आता आडवा पळतो. मी तासभर आत बसलो, खोकला आला नाही.

ता. क. २. खोली आवरताना सकूची प्रशिक्षणाची वही सापडली. त्यात आठ इंची पंखा, आठ इंची पाइप, जाळी, सगळे आकृती काढून लिहिलेले आहे. खाली पेन्सिलीने लिहिले आहे: "हे म्हणतात चार. करू दे. सहा महिने झाले, कशात मन लागत नाय त्यांचं." दादा, हे वाचून मी गोठ्यातच रडलो. दुकानदाराचे काही सांगू नका. चूक माझी होती.

ता. क. ३. उंदरांचेही सांगू नका. खोली तिला द्या. तिथे पंखा बसवायचा दिवस ठरला की मला कळवा, मी नुसता पाइप धरून उभा राहीन. माप ती सांगेल.