समोरच्यांच्या दोराने ओढलेली आपली गाडी

ती. मामा,

भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकूनच, कारण कंबर अजून सरळ होत नाही. का ते पुढे येईलच.) तुमची साखर आटोक्यात असेल, आणि तुमची पिकअप अजून पहिल्या किल्लीला सुरू होत असेल, अशी आशा करतो. इकडचं विचाराल, तर न विचारलेलंच बरं.

तुम्ही मला या शोरूमला चिकटवून दिलंत, तेव्हा साहेबांना म्हणाला होतात की या पोराच्या अंगात रक्ताऐवजी आपल्या कंपनीचं ऑइल खेळतंय. मामा, ते ऑइल आता पार काळं पडलंय.

रस्त्यापलीकडे दुसऱ्या कंपनीचं शोरूम आलंय, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांची गाडी खपली की ते दारातली पितळी घंटा बडवतात. आमच्या साहेबांनी ईर्षेने तिच्याहून मोठी घंटा आणली. ती हल्ली झाडणाऱ्या मावशींचा धक्का लागला तरच वाजते. आम्ही सगळे टाळ्या वाजवत बाहेर धावतो आणि मावशी फडकं हातात धरून ओशाळतात. समोरची मात्र दिवसभर चालू. म्हणून मी कानात कापूस घालून बसायला लागलो, तर गिऱ्हाईक काय विचारतंय तेच ऐकू येईना. मग ते गिऱ्हाईकही रस्ता ओलांडून पलीकडे जातं.

घरीही तीच तऱ्हा. साडू समोरच्यांची नवी एसयूव्ही घेऊन आमच्याकडे आला. मी त्याला ती गल्लीच्या तोंडाशी लावायला सांगितली. (आपल्या माणसाच्या दारात ती गाडी? लोक काय म्हणतील?) तो बायको-पोरांसकट चालत आला आणि चहा न घेता चालत गेला. तेव्हापासून त्याचं माझ्याशी बोलणं बंद, त्यामुळे दोघी बहिणींचं एकमेकींशी बंद, आणि त्यामुळे हिचं माझ्याशी बंद. पोळी तेवढी पानात पडते, तीही जरा उंचावरून.

अशात एक नर्सरीवाले आले. रोपांची ने-आण करायला त्यांना पिकअप हवी होती. त्यांचा ओढा आपल्याकडे, बायकोचा समोरच्यांकडे. भांडून दमल्यावर त्यांनी ठरवलं होतं की नवऱ्याने आपली गाडी चालवून बघायची, बायकोने समोरच्यांची, आणि मग घरी बसून निर्णय घ्यायचा. मामा, मला चेव आला. म्हटलं, डांबरी रस्त्यावर काय कोणतीही गाडी पळते, तुमच्या शेतातच चला. त्यांच्या रोपांमागे एक तुकडा नुकताच भिजवला होता, काळा लोण्यासारखा चिखल. आपल्या गाडीच्या पाठीवर हातभर अक्षरांत ‘४×४’ लिहिलेलं. चारही चाकं ओढणारी गाडी असताना घाबरायचं कशाला? घातली आत.

गाडी मधोमध थांबली. मागची चाकं जागीच फिरू लागली आणि मागे उभ्या नर्सरीवाल्यांचा शर्ट चिखलाने भरला. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा मी शोधू लागलो. तिथे पेला ठेवायची खाच होती. साहेबांना फोन केला, तर ते शांतपणे म्हणाले की ती अक्षरं त्यांनीच चिकटवून घेतली होती, समोरच्यांच्या गाडीवर आहेत म्हणून. आत काही बदललेलं नाही. मी खाली उतरलो आणि मागून ढकलू लागलो. (कंबर ती हीच.)

तेवढ्यात बाई आल्या. समोरच्यांची पिकअप स्वतः चालवत. शेजारी त्यांचा विक्रेता दाराची मूठ धरून बसलेला. बाईंनी कडेच्या टणक जमिनीवर गाडी थांबवली, आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या हसल्या नाहीत, मामा. हसल्या असत्या तर मी सहन केलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “ओढू का?”

मी नको म्हणालो. शपथ घेऊन सांगतो, नको म्हणालो. आपली गाडी बाहेर येईल तर आपल्या जोरावर, नाहीतर इथेच राहील, असंही म्हणालो. नर्सरीवाल्यांनी ताप चढलेल्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि दोर स्वतः बांधला. आपली गाडी उलटी, मान खाली घालून बाहेर आली. त्यांच्या विक्रेत्याने फोटो काढला. तो आता दाराएवढा करून त्यांच्या काचेवर लावलाय. त्यात मी हात जोडून उभा आहे. (दोर तुटू नये म्हणून देवाला जोडले होते. फोटोत त्यांच्या गाडीला जोडल्यासारखे दिसतात.)

साहेबांनी मला विक्रीवरून काढून गाड्या धुवायला बसवलं. पहिली गाडी तीच आली. पाइपचा फवारा लागताच एक ‘४’ गळून पडला. तो हातात घेऊन मी बराच वेळ तिथे बसलो होतो. तुम्ही जन्मभर एकाच कंपनीची गाडी चालवलीत, ती कितीदा वाटेत बसली, पण तुम्ही कधी तिला नावं ठेवली नाहीत. ते बळ माझ्यात उरलेलं नाही. आशीर्वाद असू द्या.

तुमचा,
खचलेला भाचा

ता. क. : समोरचा विक्रेता गेल्या आठवड्यात एका दुपारी रस्ता ओलांडून आला होता. गुडघाभर चिखलात उभा राहूनही नको म्हणणारा माणूस आम्हाला हवाच, असं म्हणाला. विचार करतो, म्हटलं. (या सोमवारपासून तिकडेच जातोय. चहा चांगला असतो त्यांचा.)

आणखी एक : इथे समोरच्यांकडे नव्या माणसाला पहिलं गिऱ्हाईक आपल्या ओळखीतलं आणावं लागतं. मला तुमचीच आठवण झाली. रागवायचं ते गाडीत एकदा बसून मग रागवा.

शेवटचं : मामी गुरुवारी इथे येऊन गेल्या. तुम्हाला सांगू नकोस म्हणाल्या होत्या. गाडीत बसल्या, उतरल्या, पुन्हा बसल्या, कितीतरी वेळ तेच. मी विचारलं, काय बघताय? म्हणाल्या, “यांच्या गाडीत चढायला जन्मभर कुणाचा तरी हात धरावा लागला. हिच्यात माझी मी बसते.” पांढरी ठरवून गेल्यात. रंग तेवढा तुम्हीच निवडला, असं त्यांच्यासमोर दाखवा.