माझ्या पाठीचा अपमान

८ एप्रिल, बुधवार
जिन्यात सोलफ्रिद भेटली. आमच्या सोसायटीची अध्यक्ष. एरवी बाई समजूतदार आहे. अकरा वर्षांत आज पहिल्यांदाच तिनं, आर्नफिन, पाठ काय म्हणतेय, असं विचारलं नाही. तळमजल्यावर नवा आलेला हाल्वदान भेटला का, असं विचारलं. त्याला म्हणे कसलासा आजार आहे, अख्ख्या नॉर्वेत फक्त नऊ जणांना. नऊ! सांगताना बाईचा चेहरा असा फुलला होता की सोसायटीला बक्षीसच लागलंय.

मी कठडा धरून मुद्दाम कण्हलो. ती म्हणाली, घसा बसलाय का रे तुझा?

११ एप्रिल
शांत डोक्यानं विचार केला. माझी पाठ ही काही ऐरीगैरी पाठ नाही. ती ह्या सोसायटीसाठी गेली. दर वसंतात सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून अंगण साफ करायचा आमचा दुगनाद असतो, त्यात लायलॅकचा जुना बुंधा उपटताना कट्‌कन आवाज झाला. सगळ्यांनी ऐकला. साक्षीदार आहेत.

तेव्हापासून दुगनादला वॉफल मी भाजतो. बाकीचे फावडी मारतात, मी गादीच्या खुर्चीत. गरम वॉफल कोणाला, करपलेलं कोणाला, तपकिरी चीज जाड की पातळ, सगळं माझ्या हातात. मोठमोठे लोक ताटली घेऊन माझ्यासमोर रांगेत उभे असतात. दाराजवळची पार्किंगची जागा पाठीमुळे मिळाली. बाल्कन्यांना काचा लावायचा ठराव पाठीमुळेच पडला. मी उभा राहिलो, कमरेवर हात ठेवला आणि ह्या सगळ्याचा मला त्रास होतो एवढंच म्हणालो. कोणी हूं की चूं केलं नाही.

त्याआधी तीस वर्षं हामार शहरात पार्किंगच्या पावत्या फाडल्या. लोक तोंडावर शिव्या द्यायचे. मग यंत्रं आली, नोकरी गेली. देव एक दार बंद करतो तेव्हा पाठ देतो.

निश्चय: जळायचं नाही. नव्याचे नऊ दिवस.

१४ एप्रिल, मंगळवार
पाहिला एकदाचा. उंच, लोकरी टोपी, सारखा हसतो. आजारी माणसानं इतकं हसू नये, लोकांचा विश्वास उडतो. मला बघून म्हणाला, अरे, तूच तो पाठवाला आर्नफिन! गुनवोर सांगत असते.

सांगत असते? माझी बायको? ह्याला? कधी?

घरी विचारलं. गुनवोर म्हणाली, भेटतो जिन्यात. विषय संपला. मंगळवारी ती चर्चच्या गायनाला जाते. आज परतली तेव्हा केस ओले होते. बर्फ पडतोय का म्हटलं. ती हं म्हणाली. बाहेर लख्ख ऊन.

शिवाय हल्ली ती जिन्यात प्रत्येक पायरीवर थांबते. मी वर ताटकळत उभा. उभं राहून माझ्या पाठीचं काय होतं ह्याचा विचार तिनं करायला हवा.

१७ एप्रिल
अख्खा जिना त्याच्या आजाराचं नाव पाठ करतोय. इतकं लांब आहे की मधे एकदा श्वास घ्यावा लागतो. सोलफ्रिदला आता न अडखळता येतं. माझ्या आजाराला साधं "पाठ" म्हणतात. दोन अक्षरं. चूक माझीच. सुरुवातीलाच लॅटिन नाव सांगायला हवं होतं.

बेकरीतल्या बाईनं मला थांबवून विचारलं, हाल्वदान कसा आहे? मला! मी म्हटलं, दिसतो तर ठणठणीत. ती हळहळली. म्हणाली, तोच तर त्या आजाराचा वाईटपणा, वरून काही कळत नाही.

मग माझं कुठं वरून कळतं? मला का नाही कोणी हळहळत?

२० एप्रिल
डॉक्टरकडे गेलो. नवी आहे, पोरसवदा. पाठ जास्त बिघडल्याचं कागदावर मिळालं तर बरं, असं आडवळणानं सुचवलं. लिहिता लिहिता तिचं पेन खाली पडलं. मी सभ्य माणूस, पटकन वाकून उचलून दिलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, छान वाकता की! रोज तासभर जंगलात चाला, चिकार जगाल.

हल्ली डॉक्टरकीला कोणालाही घेतात.

२१ एप्रिल, मंगळवार
खिडकीशी सहज उभा होतो. तासभर. बस आली. गुनवोर उतरली. मागून हाल्वदान उतरला. दोघांचे केस ओले. तिची पिशवी त्याच्या हातात. तिनं त्याचा दंड धरलेला. आणि ती हसत होती. माझ्यासमोर ती शेवटची अशी कधी हसली, आठवत नाही. नाताळात बहुधा, तेही टीव्हीकडे बघून.

गाणं म्हणून कोणाचे केस भिजतात?

ती स्वयंपाकघरात असताना पिशवी हुंगली. क्लोरीन. आत ओला पोहण्याचा पोशाख. चौसष्ट वर्षांची बाई! आणि देशातल्या नऊ जणांपैकी एक!

मी स्वाभिमानी माणूस आहे, एक शब्द विचारणार नाही.

जेवताना विचारलं. तिनं सुरी खाली ठेवली. म्हणाली, तुला खरंच ऐकायचंय का आर्नफिन? बरेच दिवस सांगायचंच होतं. तिचा चेहरा पाहून मी म्हटलं, आत्ता नको, पाठ भरून आलीय. ती म्हणाली, बरं. आणि भांडी घासायला उठली.

२२ एप्रिल
झोप नाही. त्याच्याकडे असं काय आहे? आजार आहे. माझ्याकडेही आहे. पण माझा जुना झाला. बायका नव्यावर भुलतात.

२५ एप्रिल
दुगनादची बैठक. सोलफ्रिदनं स्वतःच्या घरची आरामखुर्ची उचलून आणली. मी बसायला वळलो, तर म्हणाली, अरे अरे, ती हाल्वदानसाठी. मी लाकडी खुर्चीवर. अकरा वर्षांनी!

पुढे ऐका. वॉफल ह्या वर्षी हाल्वदान भाजणार. तर तो काय म्हणाला? नको नको, मला हातगाडी ढकलायचीय, बसून बसून कंटाळलो. सगळ्या खोलीतून आह निघाली. दोघींनी डोळे पुसले. शेवटी ठरलं, थोडा वेळ वॉफल, थोडा वेळ हातगाडी. म्हणजे मान त्याचा आणि कौतुकही त्याचंच.

मग सोलफ्रिद माझ्याकडे वळून म्हणाली, आर्नफिन, तू काय करशील? गुनवोर काहीतरी बोलणार होती. मी घाईघाईनं म्हटलं, विचार करून सांगतो. तिनं तोंड मिटलं.

घरी येताना ती कंपाउंडच्या भिंतीला हात लावत चालत होती. मी पुढे निघून आलो. मला राग आला होता.

२ मे
कळलं! लखकन डोक्यात प्रकाश पडला. त्याची सगळी मेख एका गोष्टीत आहे. आजारी असून काम करतो! मी आजारी आहे म्हणून बसतो. इथंच मी मार खाल्ला. अकरा वर्षं नुसता बसलो, कोणी आह म्हटलं नाही.

योजना: दुगनादला फावडं हातात घ्यायचं. दातओठ खात, वेदना गिळत, थोडंसंच काम. लोक धावत येतील, फावडं हिसकावून घेतील, मला खुर्चीत बसवतील. हाल्वदान उठेल. गुनवोर बघेल.

आरशात वेदना गिळायचा सराव केला. उत्तम जमतंय. डावी भुवई आणखी जरा वर.

७ मे
गुनवोर म्हणाली, दुगनादला तिला ह्या वर्षी बादल्या उचलायला जमेल असं वाटत नाही. आमच्या घराच्या वाट्याचं काम दर वर्षी तीच करते, तिला सवय आहे. मी म्हटलं, ऐन वेळी असं करू नकोस, लोक काय म्हणतील? घरात एक आजारी माणूस पुरे.

९ मे, शनिवार, सकाळी
ऊन चांगलंय. भुवई तयार. आज दाखवतो.

९ मे, संध्याकाळ
जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

हिवाळ्यात घसरू नये म्हणून टाकलेली खडी अंगणभर होती, ती उचलायचं काम मी घेतलं. प्रत्येक फावड्याला कण्हलो. कोणी बघेना. सगळे वॉफलपाशी, हाल्वदानभोवती. त्याला धड भाजताही येत नाही, कडा कच्च्या. तरी लोक म्हणत होते, असं लुसलुशीत वॉफल कधी खाल्लं नाही.

मग तो उठला आणि मूठभर वाळकी पानं घेऊन हातगाडी ढकलत निघाला. टाळ्या! पानांना टाळ्या! गुनवोर बादली हातात घेऊन उभी होती, तीही हसली.

माझं डोकं फिरलं. मी दुसरी हातगाडी ओल्या खडीनं शिगोशीग भरली आणि त्याच्या बाजूनं धावत नेली. कचऱ्याच्या पेटीत उपडी केली. परत आलो, परत भरली. भुवईचं भान राहिलं नाही. पोरांच्या खेळायच्या वाळूच्या हौदाचं झाकण चौघं मिळून हलवत होते, ते बाजूला व्हा म्हणून एकट्यानं उचललं.

तेव्हा कुठं लोकांनी पाहिलं. सोलफ्रिद ओरडली, अगं बाई, बघा बघा, आर्नफिनची पाठ बरी झाली!

टाळ्या झाल्या. माझ्यासाठी. ज्यांची वाट बघत होतो त्याच. मी नाही नाही म्हणत होतो, पण धाप लागलेली, शब्द फुटेना. लोक मिठ्या मारत होते. कोणीतरी म्हणालं, पुढच्या वर्षी गटारं साफ करायचं काम आर्नफिनकडे! हाल्वदाननं माझा हात हातात घेतला. म्हणाला, तुझ्यासाठी फार आनंद झाला रे. आणि त्याला खरंच झाला होता, हे आणखी वाईट.

तेवढ्यात गुनवोरनं बादली खाली ठेवली. चालत गेली, हळूहळू, आणि वॉफलच्या गादीच्या खुर्चीत बसली. ती म्हणाली, चला, मग आता मला खुब्याचं ऑपरेशन करून घेता येईल. दोन वर्षं पुढे ढकलतेय. दोघं आडवे पडलो तर घर कोण बघणार म्हणून.

कोणालाच माहीत नव्हतं. एक हाल्वदान सोडून. मंगळवारी हॉस्पिटलच्या गरम पाण्याच्या तलावात दोघं व्यायाम करतात. गायन तिनं गेल्या वर्षीच सोडलंय, पायऱ्या चढवत नाहीत म्हणून.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगत होते. तुझी पाठ भरून आली.

सगळ्यांनी तिला घेरलं. कोणी शाल, कोणी कॉफी. मी हातगाडीशी उभा. माझ्याकडे जे बघत होते, त्यांनी न बघितलं तर बरं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

१० मे
पाठीत खरोखर चमक. श्वास घेता येत नाही. सोलफ्रिदला सांगितलं. ती म्हणाली, कामानं अंग दुखतंच रे, गरम पाणी घे.

१६ मे
दाराजवळची पार्किंगची जागा गुनवोरच्या नावे झाली. एकमतानं. गाडी एकच, उभी तिथेच राहते, पण आता ती तिची जागा आहे. उद्या सतरा मे, राष्ट्रीय दिन, झेंड्यांच्या मिरवणुकीत तिच्यासाठी रस्त्याकडेला खुर्ची ठेवणारेत. मी खुर्ची वाहायची.

३ जून
ऑपरेशन छान झालं. आज घरी आली. दारात फुलं, केक, जिन्यातल्या सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड. मला अकरा वर्षांत कार्ड नाही. किती छान, असं तिच्यासमोर म्हटलं, आतून जळत होतो. बायकोच्या खुब्यावर जळतोय. हे इथंच राहू दे.

हाल्वदान आला होता. पाच मिनिटंच बसला, बोलता बोलता त्याचा कप हातातून सुटला. बोटं वळत नव्हती. तो हसला. मी फरशी पुसली. तो गेल्यावर गुनवोर म्हणाली, त्याचं हिवाळ्यापर्यंतचं काही सांगता येत नाही. मी फरशी परत एकदा पुसली.

५ जून
मटण-कोबी मीच शिजवला. करपला. गुनवोरनं खाल्ला. पाय उंचावर ठेवून पडली होती, मी उशी सारखी करत होतो. शेवटी म्हटलं, गुनवोर, खरं सांग, मी लबाड आहे असं वाटतं का तुला?

ती म्हणाली, तुझी पाठ त्या वर्षीच्या नाताळापर्यंतच बरी झाली होती. नाताळच्या झाडाखालच्या भेटवस्तू शोधायला सोफा एकट्यानं सरकवला होतास.

मी म्हटलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? बादल्या का उचलल्यास?

ती म्हणाली, नोकरी गेली होती तुझी, आर्नफिन. सगळं हामार तुला चुकवून चालायचं. मग पाठ दुखायला लागली आणि लोक थांबून बोलायला लागले. ती पण काढून घेतली असती तर तुझ्याकडे काय उरलं असतं?

भांडी पडलीत म्हटलं आणि आत आलो. घासली.

पहिली पाच वर्षं तरी खरंच दुखत होती, हे उद्या तिला ठणकावून सांगणार आहे.

निदान तीन.