चालायला लागेपर्यंत

॥ श्री ॥
कळंब, ११ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. नलूताईस,
विजूचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. घर दोन खोल्यांचं, आणि लकवा झाल्यापासून हे खाटेवर पडून सगळं ऐकत असतात. डावी बाजू गेली, पण कान आणि जीभ पूर्वीपेक्षा जोरात चालतात. उत्तर शेजारच्या नुजहतभाभींच्या पत्त्यावर पाठव, त्या गुपचूप आणून देतील.

ताई, संक्रांतीला न्हाताना काखेपाशी गाठ हाताला लागली. यवतमाळला जाऊन तपासून आले. चांगली नाही म्हणाले. नागपूरला लवकर ऑपरेशन करा, मग किमो, पाच-सहा महिने तरी धरून चाला, असं सांगितलं.

मी ते पुढे ढकललं आहे. यांना मोरीपर्यंत मीच नेते, दुसऱ्या कोणाचा हात लावून घेत नाहीत. फिजिओथेरपीसाठी प्रेरणा नावाची मुलगी रोज घरी येते. किती दिवस लागतील म्हणून विचारलं, तर म्हणाली की नेमकं सांगता येत नाही, पण काकांनी मनावर घेतलं तर चारेक महिन्यांत आपल्या पायानं फिरतील. तेवढं झालं की मी नागपूरची एसटी धरते. यांना यातलं काही कळू द्यायचं नाही. धक्क्यानं पुन्हा झटका आला तर काय करू?

तुझ्या सासूबाईंना नमस्कार. तुझी माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
विजू

राजूर, १९ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. विजूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि कणीक भिजवायची तशीच राहिली. तू शहाणी की वेडी? लहानपणापासून तुझं हेच, आधी सगळ्यांची ताटं आणि मग तुझं. ही काय पंगत आहे? गाठ तुझ्यासाठी थांबून राहणार आहे का?

मला इथून सासूबाईंना सोडून निघता येत नाही. पण आमचा अमर खाणीतून रजा काढून महिनाभर येऊन राहील. भगवानरावांना भाच्याची लाज वाटली तर वाटू दे. आणि त्यांना खरं सांग. बायको हातची जाईल म्हटल्यावर तो माणूस रांगत उठेल.

रागावले आहे, तरी तुझीच,
नलूताई

॥ श्री ॥
कळंब, ५ मे २०२४

ती. सौ. नलूताईस,
सा. न. वि. वि.

अमरला पाठवू नकोस. भाचा येतो म्हणाला, एवढंच बोलून पाहिलं, तर हे दोन दिवस धड जेवले नाहीत.

इकडची तऱ्हा ऐक. प्रेरणा आली की हे झोपेचं सोंग घेतात. हातात चेंडू दाबायचा, तो उशीखाली सरकवतात. उभं राहायला वॉकर आणला, त्यावर टॉवेल वाळत घालतात. पाय उचला म्हटलं की दुखून राह्यलं, उद्या करू म्हणतात. काल तर तिला म्हणाले की काय घाई हाय बापा, मले का आता कापसाच्या जिनिंगवर ड्यूटीले जायचं हाय, विजू हाये ना मले. मी चुलीशी होते. भाजीत मीठ दोनदा पडलं. तीही खाल्ली बिचाऱ्यांनी, नाव ठेवलं नाही.

मी चिडले तर विचारतात की तुले माहा कंटाळा आला काय. प्रेरणा म्हणते, सुरुवातीच्या महिन्यांत जे यायचं ते लवकर येतं, नंतर वेळ लागतो. गाठ वाढली आहे. आता मला रात्रंदिवस घाईच आहे, आणि कशाची ते सांगायची सोय नाही.

माझ्यावरचा राग गिळ, लोभ तेवढा राहू दे.

तुझी,
विजू

राजूर, १४ मे २०२४

चि. विजूस आशीर्वाद.

सासूबाईंना दिवसभर शेजारणीवर सोपवून रविवारी येते. तुझ्यानं होत नसेल तर मीच भगवानरावांच्या खाटेपाशी बसून सांगते. तू वाईटपणा घेऊ नकोस, तो मला घेऊ दे.

नलूताई

॥ श्री ॥
कळंब, १२ सप्टेंबर २०२४

ती. सौ. नलूताईस,
सा. न. वि. वि.

मे महिन्यात तू आलीस तेव्हा दारातच मी तुला माझ्या गळ्याची शपथ घातली, आणि तू नुसता चहा पिऊन परत गेलीस. त्याचं ओझं मनावर घेऊ नकोस. शपथ माझी होती.

पावसाळ्यात प्रेरणानं यांना हळूहळू काठीवर उभं केलं होतं. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी घेऊन दारात आली. हे उठले, काठी टेकत दारापर्यंत गेले आणि पोरांना बोजाऱ्याचे पैसे वाटले. मी आत जाऊन पोटभर रडले. मग यांना सांगितलं की मला नागपूरला एकदा तपासून यायचं आहे. आता चालता येतं म्हणून हेही हट्टानं सोबत निघाले.

डॉक्टर म्हणाले की हाडांत उतरलं आहे, ऑपरेशनचा आता उपयोग नाही. कधीपासून आहे म्हणून विचारलं. मी संक्रांतीपासून म्हणाले. हे शेजारीच बसले होते.

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. दिवसभर अंगणात चकरा मारतात. प्रेरणा सांगते की इतकं नको, पाय सुजेल. ऐकत नाहीत.

जमेल तशी लवकर ये.

तुझी,
विजू

कळंब, ८ डिसेंबर २०२४

ती. नलूताईंस,
भगवानचा सा. न.

पत्रावर श्री घातलेला नाही, तो लिहायला हात उचलत नाही.

तेरवी झाली आणि तुम्ही राजूरला गेलात. बाया स्मशानात येत नाहीत, म्हणून तिथवरचं सांगतो. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा विस्तवाचं मडकं माझ्याच हातात होतं. लांब आहे, गाडीत बसा, असं सगळे म्हणत होते. मी बसलो नाही. काठीही घेतली नाही. कुठे अडखळलो नाही, ताई. प्रेरणानं शिकवलं तसं पाऊल पडत होतं आणि मला त्या पावलाची चीड येत होती.

ती मला उठा उठा म्हणायची आणि मी पडून राहायचो. आळस नव्हता तो. सारा जन्म जिनिंगच्या पाळीत गेला, ती घरात एकटी. लकवा झाला आणि पहिल्यांदा ती दिवसभर माझ्याजवळ बसली. मला वाटायचं, चालायला लागलो की ती उठून कामाला लागेल. म्हणून दिवस लांबवले. एका शब्दानं सांगितलं असतं तर मी भिंत धरून उभा राहिलो असतो. पण तिनं का सांगितलं नाही, हे विचारायला आता तीच नाही.

परवा प्रेरणानं सांगितलं की तिला आता यायची गरज नाही. बाजारात गेलो तर लोक थांबवून म्हणतात की भगवानराव, मस्त चालून राह्यले तुम्ही. मी मान हलवतो आणि पुढं जातो.

शेवटी लोभ मागायची रीत आहे. मला मागवत नाही. तुमचा माझ्यावर राग असेल, तो ठेवा. पण रागावून का होईना, लिहीत जा. तिचं नाव घेऊन मला बोलेल असं दुसरं कोणी उरलं नाही.

आपला,
भगवान