स्टँडवर सुरू केलेली गाडी

बाबा, तुमच्या मोटरसायकलची बॅटरी काल परत बसली. बटण दाबलं तर नुसतं टक् वाजलं आणि मीटरवरचा हिरवा दिवा मलूल होऊन विझला. तुम्ही असता तर रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला असता, "काहून वं, मारली ना बॅटरी? तुले सांगतलं होतं रोज सुरू करत जा म्हून!" तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बॅटरी बसली की माझे कान आपोआप तापतात. धाकट्याचा परवा फोन आला. दसऱ्याला येतोय, बायकोमुलासकट. "ताई, गाडी चालू करून ठेवजो, पोराले आजोबाची गाडी दाखवाची आहे." म्हणजे गाडी धुवायची मी, झेंडूचा हार करायचा मी, चाकाखाली लिंबू ठेवायचं मी, आणि हँडलला कुंकवाचं बोट लावून एक चक्कर मारून यायची त्यानं. तुमच्या वेळी होतं तसंच.

काचबिंदूनं तुमची नजर गेली आणि तुमचं गाडी चालवणं थांबलं. तोवर रोज सकाळी मी तुमच्या मागे एका बाजूला पाय टाकून बसायची आणि तुम्ही मला तेलीबांध्याला ऑफिसच्या दारात सोडायचे. मला वाटलं होतं, आता तुम्ही किल्ली माझ्या हातात द्याल. दिली नाही. "गाडी पोट्ट्याची हाय. तो सुट्टीत आला का त्याले चालू भेटली पाह्यजे." तो बेंगळुरूला शिकत होता. गाडी त्याची झाली आणि बॅटरी माझी. शिकवलं मात्र तुम्ही मनापासून, हे नाकारत नाही. पडवीतल्या खुर्चीत बसून, बोटांनी चाचपत. काढताना निगेटिव्हची वायर आधी, लावताना ती शेवटी. टोकांवर पांढरी भुकटी धरली की गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासायचं, कोरडं पुसून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. रायपूरचा उन्हाळा बॅटरीतलं पाणी पिऊन टाकतो, तेव्हा पातळी बघत राहायची. दोन रेषांच्या मधे, आणि नळाचं पाणी चुकूनही नाही. आई आधीच गेली होती, त्यामुळे स्वयंपाकघराच्या ओट्यावर भाजीच्या पातेल्याशेजारी हे सगळं मांडलं तरी ओरडणारं कुणी नव्हतं. तेजाबानं माझ्या नव्या ओढणीला भोकं पडली तेव्हा तुम्ही म्हणालात, जुने कपडे घालून बसायचं, एवढी अक्कल पाहिजे.

आणि सगळ्यांत वर तुमचा तो नियम. रोज सकाळी गाडी मोठ्या स्टँडवर घ्यायची, बटण दाबून सुरू करायची, पाच मिनिटं भुरभुरू द्यायची आणि बंद करायची. पडवीच्या बाहेर न्यायची नाही. मी रोज केलं, बाबा. चांगली सांभाळली तर बॅटरी तीन-चार वर्षं सहज जाते, आपली दोन वर्षंही धड टिकेना. दर वेळी तुम्ही शेजाऱ्यांसमोर म्हणायचे, "हिच्या हाताले यशच नाही." पण मी रोज बघत होते ना! स्टँडवर गाडी भुरभुरताना पुढचा दिवा पिवळट, आजारी माणसाच्या डोळ्यांसारखा. धाकटा सुट्टीत येऊन गाडी पळवायचा तेव्हा गल्लीच्या टोकापर्यंत तोच दिवा पांढराशुभ्र. उभ्या गाडीत बॅटरी भरतच नव्हती. बटण दाबताना जेवढी खर्च व्हायची तेवढीही त्या पाच मिनिटांत परत येत नव्हती. आपण रोज सकाळी तिला थोडंथोडं मारत होतो आणि त्यालाच काळजी म्हणत होतो. हे मी तुम्हाला नीट समजावून सांगितलं. म्हटलं, मी चालवायला शिकते, ऑफिसला नेते, येता-जाता आपोआप भरेल. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "बाईमाणूस मोटरसायकल चालवीन, अन् मी इथं बसून लोकाईचं आयकू?" त्या वर्षी माझ्या वाढदिवसाला तुम्ही मला भेट दिली. मी कागद फाडला तर आत बॅटरीचा चार्जर. "तुह्यं काम हलकं होईन," म्हणालात, आणि खरोखर खूश होतात. त्या चार्जरला हार घालून दारात टांगावं असं मला वाटलं होतं.

मे महिन्यातल्या त्या दुपारी तुमच्या छातीत कळ आली. बॅटरी नुकतीच नवी घातलेली होती, टाकीत पेट्रोल होतं, गाडी पडवीत उभी होती. शेजारचा मुलगा तुम्हाला मागून धरून बसला असता. पण मला चालवता येत नव्हती. मी चौकापर्यंत अनवाणी धावले, डांबर पायाला चिकटत होतं. ऑटोवाल्याला म्हटलं, भैया जल्दी चलो. तो म्हणाला, दीदी, गाड़ी अंदर नहीं जाएगी, गली सँकरी है. मग शेजाऱ्यांनी त्या अरुंद गल्लीतून तुम्हाला खुर्चीसकट उचलून चौकात आणलं. ऑटोत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं, घामानं सदरा ओलाचिंब. तुम्ही ओठ हलवलेत, मी कान जवळ नेला. म्हणालात, "गाडीले कुलूप लावलं काय?" त्यानंतर तुम्ही काही बोललाच नाहीत. लोक मला विचारतात, बाबा शेवटी काय म्हणाले. मी सांगते, देवाचं नाव घेतलं.

आता मला चालवता येते. गेल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं नव्या रायपूरच्या मोकळ्या रस्त्यावर तिच्या गाडीवर शिकवलं. पन्नाशीला आलेली बाई गिअर बदलताना पोरीसारखी हसते, तुम्ही पाहायला हवं होतं. नको, नाहीच पाहिलं ते बरं. आज सकाळी नवी बॅटरी आणली. आताच्या बॅटरीत पाणी घालावं लागत नाही, तुम्हाला पटलं नसतं. निगेटिव्हची वायर शेवटी लावली. बटण दाबलं, पहिल्या झटक्यात सुरू. स्टँड काढला आणि गाडी फाटकापर्यंत नेली. धाकटा उद्या यायचा आहे, गल्लीत कोणी नव्हतं, असतं तरी आता कोण काय म्हणणार. तिथे थांबले. बराच वेळ. मग गाडी मागे आणली, स्टँडवर चढवली आणि पाच मिनिटं भुरभुरू दिली.

हे पत्र धाकट्याला दाखवणार नाही, चुलीत घालायला घरात चूलही नाही, पडेल कुठेतरी. तुमच्यावरचा राग कमी झाला म्हणून लिहिलं असं समजू नका, तो आहे तिथेच आहे. फक्त एक सांगते. फाटकाशी मी घाबरून थांबले नव्हते. मागून पडवीतून तुम्ही "जाय" म्हणाल, म्हणून थांबले होते.